हरकत निकाली, भोजन झाले

प्रदूषणाच्या खात्यात होतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे पाहतो आणि मग आपल्या मोटारसायकलच्या धुराकडे. काही जण आवाज खाली आणून विचारतात, "वरची कमाई बरी असंन ना जी?" त्यांना मी खरं ते सांगतो. माझी जन्मभराची कमाई म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्या. नाल्याचं पाणी, नदीचं पाणी, राइस मिलच्या मागचं आंबट वासाचं पाणी. बाटली भरायची, झाकण आवळायचं, चिठ्ठी चिकटवायची, बर्फाच्या पेटीत घालायची आणि नागपूरच्या प्रयोगशाळेत नेऊन द्यायची. लोक काशीहून गंगाजल आणतात तेवढ्या जपणुकीनं मी गटाराचं पाणी वाहिलं, आणि पेन्शन घेतली.

आमच्या धंद्यातली गिऱ्हाइकंही जगावेगळी. एकदा तुमसरकडचा एक गृहस्थ भंडाऱ्याच्या आमच्या ऑफिसात आला आणि त्यानं टेबलावर फुगवून गाठ मारलेली पॉलिथिनची पिशवी ठेवली. शेजारच्या कारखान्याच्या वासाची तक्रार होती. "तुमाले नमुना लागते म्हने ना? घ्या. सकारी भरला, ताजा हाये," तो म्हणाला. मी कर्तव्य म्हणून गाठ सोडली. पिशवीत पिशवीचा वास होता आणि थोडा त्याच्या शिदोरीतल्या कांद्याचा. तसं तोंडावर सांगवेना, म्हणून मी गंभीरपणे मान हलवली, आणि तो समाधानानं घरी गेला.

दुसरा एक मिलमालक होता. आमची जीप गावाच्या वेशीत दिसली की त्याची मिल बंद व्हायची आणि घरी सत्यनारायण सुरू व्हायचा. धुराचं मोजमाप करायला आम्ही गेलो की चिमणी थंडगार आणि मालक सोवळ्यात. आमचा ड्रायव्हर मनोहर याला शिरा फार आवडतो. त्यामुळं त्या मिलची तपासणी लवकर लावा म्हणून तो माझ्या मागे लागायचा. शेवटी आम्ही बैलगाडीत बसून गेलो तेव्हा कुठे धूर सापडला. मनोहर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

पण आज सांगायचं आहे ते तलावाचं. मोहाडीहून थोडं आत एक गाव आहे. त्याचं खरं नाव लिहिलं तर तिथले सरपंच फोन करून करून माझी दिवाळी घालवतील, म्हणून आपण त्याला नुसतं टोला म्हणू. गावाला लागून एक जुना तलाव. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पूर्वी पितळी भांड्यांचा एक कारखाना होता. भांडी तेजाबात धुऊन चमकवायचे आणि ते धुवण तलावात सोडायचे. मासे मेले, पाणी निळंहिरवं झालं, पेपरात फोटो आला, कारखान्याला टाळं लागलं आणि मालक गाव सोडून गेला. जाताना तो गावाला दोन गोष्टी देऊन गेला. एक, तलावाच्या तळाचा विषारी गाळ. दुसरी, देवळाला दान केलेली पितळी भांडी. माणूस आत बसेल एवढाले गंज म्हणजे पातेली, पराती, पाण्याचे गुंड, आणि पंगतीला पुरतील एवढी ताटं. सगळ्यांवर त्याच्या वडिलांचं नाव कोरलेलं.

असा तलाव सापडला की तो सरकारच्या दूषित ठिकाणांच्या यादीत जातो. यादीत जायला काही लागत नाही. एक वाईट नमुना आणि एक फोटो पुरतो. बाहेर पडणं मात्र कठीण. आधी सरकारनं सफाई करायची. ती झाली. कंत्राटदारानं गाळ काढून गाडीगाडीनं नेला, वर चांगली माती टाकली. त्यानंतर उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशा लागोपाठ तिन्ही ऋतूंत पाण्याचे नमुने चांगले यावे लागतात. मधे एक जरी नापास झाला तरी पुन्हा पहिल्यापासून, सापशिडीत साप गिळतो तसं. तिन्ही पास झाले की गावात जनसुनावणी घ्यायची, कोणाची हरकत आहे का विचारायचं, हरकत नसेल तर फाइल नागपूरला, तिथून मुंबईला. तोवर तलावाच्या काठी फलक उभा: हे पाणी पिऊ नये, येथे मासे धरू नयेत. त्या फलकाचा मजकूर मी लिहिला होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

मासे धरायचे नाहीत म्हटल्यावर माशांची चंगळ झाली. एक रोहू तर वासराएवढा झाला आहे असं गावात सांगायचे. मी पाहिला तेव्हा तो वासराच्या मानानं लहान होता, पण माशाच्या मानानं फारच मोठा होता. त्याचं नाव बडे साहेब. का, तर सरपंच म्हणाले, "कधी कधी दिसते, करत काई नाई, आनी त्याले हात लावाची कोनाची टाप नाई." हे त्यांनी माझ्याकडे पाहून का सांगितलं, ते मी विचारलं नाही.

माशांची चंगळ, पण ढीवरांची उपासमार. ढीवर म्हणजे आमच्याकडचे मासेमारी करणारे. टोल्याच्या ढीवरांची सोसायटी होती, पिढ्यान् पिढ्या तलाव त्यांच्याकडे. सोसायटीची अध्यक्ष कौसाबाई. साठी ओलांडलेली, काटक, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर थाप मारणारी. तिचा एकुलता एक मुलगा सदू तलाव बंद झाल्यावर बायकोला घेऊन गोसीखुर्दला गेला होता, धरणाच्या पाण्यात दुसऱ्यांची जाळी ओढायला. कौसाबाई त्याच्याकडून मासोळी आणून मोहाडीच्या बाजारात विकायची. मी पहिल्यांदा नमुन्याला गेलो तेव्हा ती घाटाच्या पायरीवर बसली होती.

"बाजारात गिऱ्हाईक इचारते, कोनत्या गावची बाई व्हय? गावाचं नाव घेतलं का पाठ दाखवते," ती म्हणाली. "मासोरी गोसीची हाये जी, आमच्या तलावाची नाई, असं दहा डाव सांगावं लागते. सायेब, मायनं पोराले ओरखत नाई म्हनावं तसं हाये हे. माह्या तलावाचं नाव त्या यादीतून काढून द्या. नाव निघालं का सदू वापस येते."

मी म्हटलं, "गाळ निघाला, पाणी नितळ आहे. तीन ऋतू जाऊ द्या, काढतो." सरकारी माणसानं असं बोलू नये. पण घाटावर गार वारा होता आणि गावातून फोडणीचा वास येत होता.

कारण नमुना घ्यायला जायचं तर नियमानं ग्रामपंचायतीला आधी नोटीस द्यावी लागते. सरपंच साक्षीला हवेत. आणि टोल्याचे सरपंच तुळशीरामभाऊ यांच्या दृष्टीनं नोटीस म्हणजे लग्नपत्रिका. आम्ही पोचलो तेव्हा देवळापुढं मांडव होता. माझ्या गळ्यात झेंडूचा हार, मनोहरच्या गळ्यात हार, जीपच्या आरशाला हार. नमुना घेताना अधिकाऱ्याचा बाटलीसकट फोटो काढावा लागतो. त्या फोटोत मी हार घालून, कपाळाला गंध लावून, दोन्ही हातांत बाटली धरून पाण्यात उभा आहे. नागपूरहून आमच्या मोठ्या मॅडमचा फोन आला, "हा नमुना घेताय की जलपूजन करताय?"

मॅडम तापट, पण सरळ बाई. नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकायच्या नाहीत आणि दुसऱ्याला टाकू द्यायच्या नाहीत.

नमुन्यानंतर पंगत. वडा-भात, वांग्या-आलूची भाजी, वरण, वरून बुंदी. सगळं त्या दानाच्या, सोन्यासारख्या चकाकणाऱ्या पितळी भांड्यांत. माझ्या हातात पितळी ताट आलं, त्यात मला माझं तोंड दिसलं. मी संकोचून म्हटलं, "तुळशीरामभाऊ, एवढं कशाला काढलं? साधं स्टीलचं चाललं असतं."

तुळशीरामभाऊंना वाईट वाटलं. "गावातल्या लग्नाले आमी बिछायतवाल्याचं भाड्याचं स्टील आनतो जी. पन सरकारी मानूस स्टीलात जेवते का? हे भांडे फक्त तुमच्यासाठी निंगतात."

मनोहर तोंडात घास असल्यामुळं नुसती मान डोलवत होता. मीही मग फार ताणलं नाही. वडा-भात सोडून नियमावर चर्चा करणारा माणूस मी नाही.

नमुना नापास झाला. तलावाच्या मधला चांगला, नाल्याच्या तोंडाचा चांगला, सांडव्याचा चांगला. फक्त घाटावरचा नापास, पाण्यात तांबं जास्त. तांबं माणसाला थोडंफार चालतं, माशाच्या पिल्लाला चालत नाही. मी म्हटलं, होतं कधी असं. पावसाळ्यात पुन्हा नोटीस दिली. पुन्हा मांडव, पुन्हा वडा-भात, पुन्हा घाटावरचा नापास. हिवाळ्यात तेच. जागा बदलून नमुना घ्यावा तर ते चालत नाही. पहिल्या दिवशी घाटाच्या पायरीवर लाल रंगाची खूण करून ठेवलेली असते, जन्मभर तिथूनच घ्यायचा.

गावात तर्क सुरू झाले. कोणी म्हणे पाळीवरची देवी कोपली. कोणी म्हणे बडे साहेब घाटाशी येऊन काहीतरी करून जातात. तुळशीरामभाऊंनी खाजगीत मला विचारलं, "जेवनात काई कमी पडून राहिलं का जी?" त्यांना वाटत होतं की मी मुद्दाम नापास करतोय. पुढच्या खेपेला बुंदीसोबत जिलबी आली.

कौसाबाईनं सदूला, पोळ्याला ये, मग दिवाळीला ये, असे निरोप धाडले होते. आता तेही बंद केले. मला ती घाटावर दिसली की मी चष्मा पुसायला लागायचो.

मॅडमनी निष्कर्ष काढला की घाटाच्या पायऱ्यांखाली कंत्राटदारानं गाळ तसाच ठेवला असणार. मग उपाय एकच. तलाव उपसायचा, घाट फोडायचा, खालची माती काढायची. म्हणजे पुन्हा निविदा, पुन्हा कंत्राटदार, आणि माझ्या अनुभवानं सांगतो, सदूच्या पोरांना मिशा फुटेपर्यंत तलाव कोरडा. माझी स्वतःची निवृत्तीही फार लांब नव्हती. मला वाटलं, हा तलाव आपल्या हातून सुटत नाही. फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, जिलबी असूनही वाटलं.

घाट फोडायचा तर आधी चुन्यानं आखणी करून द्यायची होती. पुढच्या नमुन्याची नोटीस गेलेलीच होती. मी ठरवलं, आदल्या दिवशी जाऊन आखणी उरकावी. कोणाला कळवलं नाही. मनोहर कुरकुरला, "आदल्या दिवशी जेवन नसते जी साहेब."

दुपारी आम्ही तलावावर पोचलो आणि मी हातात चुन्याची पिशवी घेऊन जागच्या जागी उभा राहिलो. घाट बायकांनी भरला होता. पायरी पायरीवर गंज, पराती, गुंड, ताटांच्या चवडी. वर्षाकाठी तीनदाच निघणारी भांडी, काळी पडलेली. चिंचेच्या कोळानं आणि राखेनं बायका ती खसाखसा घासत होत्या, आणि विसळण पाण्यात ओतत होत्या. लाल खुणेच्या पायरीवर, सगळ्यांत मोठ्या गंजात अर्धी शिरून, कौसाबाई घासत होती. नुसते पाय बाहेर होते.

"कौसाबाई, हे काय चाललंय?"

गंजातून आवाज आला, "कोन व्हय?" मग ती बाहेर आली, कोपरापर्यंत काळी. "सायेब? तुमी उद्या येनार होते ना जी? आज कायले आले? आमचं काईच झालं नाई."

"ही भांडी दरवेळी इथंच घासता?"

"मंग कुठी? बोअरिंगच्या पान्यानं पितळ लाल पडते. पाहुन्यापुढं काय कारे गंज ठेवाचे?"

"अहो, पण हा तलाव यादीतला आहे."

"मले सांगता का?" तिनं कमरेवर हात ठेवले. "त्या पाटीवर काय लिवलं हाये? पिऊ नका, मासोरी धरू नका. भांडे घासू नका असं कुठी लिवलं हाये? वाचा ना जी, तुमीच तं वाचून दाखवलं होतं."

मी फलक वाचला. नव्हतं. माझा चांगला, आटोपशीर, अभिमानाचा मजकूर. कारखान्यावाला तेजाबानं पितळ धुऊन तलावात तांबं सोडायचा, आणि हे गाव चिंचेनं. तेही नेमकं आम्ही येणार त्याच्या आदल्या दिवशी, नेमकं लाल खुणेवर, आणि केवळ आमच्या मानासाठी.

मी पायरीवर बसलो आणि हसायला लागलो. मनोहरला काही कळेना, पण साहेब हसतात म्हणून तोही हसला. कौसाबाई हसली नाही. तिला मी बाजूला बसवून समजावलं. पितळेत तांबं असतं, आंबटानं ते सुटतं, सुटलेलं पाण्यात जातं, मी सकाळी येऊन तेच बाटलीत भरतो. ती आपल्या काळ्या हातांकडे पाहत राहिली.

"म्हनजे म्याच," ती म्हणाली. "माह्या सदूले म्याच तिकडं ठेवलं."

तेव्हा माझं हसू थांबलं.

मी तिथल्या तिथे एक बाटली भरली आणि सकाळची वाट न पाहता नागपूरला नेली. अहवाल आला, त्यात तांबं नेहमीच्या कितीतरी पट. तो मी मॅडमना फोनवर वाचून दाखवला आणि भांड्यांचंही सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही तिथं दरवेळी जेवत होता?"

"हो मॅडम."

"सगळ्या वेळी?"

"जेवण चांगलं असतं मॅडम."

त्यांनी घाट फोडणं थांबवलं. आणि लेखी हुकूम काढला, की टोला येथे नमुना घेणाऱ्या पथकानं कोणत्याही प्रकारचं जेवण, अल्पोपाहार, चहा किंवा पाणीसुद्धा स्वीकारू नये. उरलेल्या नोकरीत मला याहून कडक शिक्षा झाली नाही.

हा हुकूम मी देवळात गाव जमवून वाचला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. तुळशीरामभाऊंचा चेहरा उतरला. "म्हनजे आमच्या पाहुनचारानं तलाव नापास होऊन राहिला?"

"हो."

"मंग गंज दुसरीकडं घासतो ना जी. टँकर बोलावतो."

"भाऊ, हुकूम आहे. चहासुद्धा नाही."

"पानी?"

"पाणी आम्ही घरून आणू."

मागून एक म्हातारा म्हणाला, "एवढं बेइज्जत तं त्या कारखान्यावाल्यानंबी नाई केलं."

आमच्या झाडीपट्टीत पाहुणा उपाशी जाणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. घरी काही नसलं तर शेजारून मागून आणतील, पण उंबऱ्याशी आलेला माणूस कोरडा जाऊ द्यायचे नाहीत. त्या गावाला मी सांगत होतो की तुमचा तलाव हवा असेल तर तिन्ही ऋतू मला कोरडा जाऊ द्या. अखेर कौसाबाई उठली. "जाऊ द्या त्यायले उपाशी," ती म्हणाली. "पाप लागन तं मले लागन."

पहिला कोरडा नमुना उन्हाळ्यात. मांडव नाही, हार नाही. गावातला एकूण एक माणूस दारात उभा, पण जवळ कोणी येईना, जणू आमच्या अंगात देवी आलीय. तुळशीरामभाऊ साक्षीला आले तेव्हा त्यांचा एक हात पाठीमागे होता. नंतर वाकले तेव्हा दिसलं, मुठीत हार होता. सवयीनं आणला, मग काय करावं ते सुचेना. बाटल्या भरून मी आणि मनोहरनं चिंचेच्या झाडाखाली डबे उघडले. माझ्या बायकोनं दोडक्याची भाजी दिली होती. मी पहिला घास घेतला आणि समोर पाहिलं तर सगळं गाव माझ्या घासाकडे बघतंय. एक आजी पदर डोळ्यांना लावून आत गेली. कौसाबाई आमच्याकडे पाठ करून पायरीवर बसली होती. नंतर ती मला म्हणाली, "पाहिलं असतं तं वाढल्याबिगर हात थांबला नसता. आनी ते दोडकं का व्हय, त्याचा वास बी येत नव्हता."

मनोहरनं तर डबा अर्धा टाकला. "असं कोनी पाहून राहिलं तं गिळत नाई जी साहेब."

घाटावरचा नमुना पास झाला. पावसाळ्यातला पास झाला. त्या खेपेला पावसानं झोडपलं, आम्ही जीपमध्ये बसून चिवडा खाल्ला आणि काचेबाहेर छत्र्या घेऊन गाव उभं. हिवाळ्यातला पास झाला. शेवटच्या दिवशी कोणीतरी जीपच्या मागच्या सीटवर गरम शिंगाड्यांचा पुडा ठेवला होता. हुकूम पाळून मी तो परत द्यायला निघालो, पण कोणी आपला म्हणेना. मनोहर म्हणाला, "बेवारस हाये, साहेब." बेवारस वस्तूबद्दल हुकुमात काही नव्हतं.

राहिली जनसुनावणी. ती उन्हाळ्याच्या अखेरीला लागली, म्हणजे पाऊस तोंडावर. पाऊस पडल्यावर तलावात माशांचं बीज सोडतात. तोवर नाव निघालं तर सदू परत येणार, नाही तर पुन्हा वर्ष गेलं. स्वतः मॅडम नागपूरहून आल्या. देवळाच्या ओट्यावर टेबल, त्यावर फाइल. मी नियमाप्रमाणे खड्या आवाजात विचारलं, "सदर तलाव दूषित ठिकाणांच्या यादीतून वगळण्यास कोणाची हरकत आहे काय?"

मी कागद मिटायला घेतला. आणि कौसाबाई उभी राहिली.

"माही हाये."

सुनावणीत एक हरकत आली की ती शब्दशः लिहून घ्यावी लागते, आणि तिचं निराकरण होईपर्यंत फाइल जागची हलत नाही. तुळशीरामभाऊ कपाळाला हात लावून बसले. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, खाली बस. तिनं पाहिलं आणि दुर्लक्ष केलं.

मॅडमनी पेन उघडलं. "बोला आजी. काय हरकत आहे?"

"हे सायेब आनी हे डायवरबुवा आमच्या गावात तीन डाव आले आनी तीनई डाव उपाशी गेले. आमच्या गावात असं कधी झालं नाई. तलाव साफ झाला, पन गावाले डाग लागला. हे तुमच्या कागदावर लिवा."

मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे. मला वाटलं आता हुकूम वाचून दाखवतील. त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "नियमानुसार हरकतीचं निराकरण व्हायला हवं. आजी, तुमच्या मते निराकरण कसं करता येईल?"

"हात धुवा आनी बसा," कौसाबाई म्हणाली.

देवळामागून वडा-भाताचा वास तासाभरापासून येत होता. मला वाटत होतं, माझ्याच मनाचे खेळ. टँकरच्या पाण्यानं शाळेमागच्या पडीत जागेत भांडी घासली होती, तलावापासून लांब. ते आधी मॅडमना नेऊन दाखवलं, मग ताटं मांडली. मॅडम पंगतीत मांडी घालून बसल्या आणि त्यांनी दोनदा भात मागून घेतला. मनोहरनं किती घेतला ते मी लिहीत नाही, त्याची सून हा अंक वाचते. जेवण झाल्यावर मॅडमनी हात पुसून, इतिवृत्तात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "एक हरकत प्राप्त. निराकरण : भोजन झाले. हरकत निकाली." खाली कौसाबाईचा अंगठा.

मुंबईहून त्यावर विचारणा आली, की सदर भोजन कोणत्या नियमाखाली करण्यात आले. मॅडमनी काय उत्तर दिलं ठाऊक नाही, पण पाऊस पडायच्या आत नाव निघालं. मी स्वतः जाऊन फलक उपटला. त्याच्या पत्र्याखाली आता तुळशीरामभाऊंच्या कोंबड्या बसतात. पिऊ नये, धरू नये, सगळं त्यांच्या डोक्यावर.

मग मी निवृत्त झालो. निरोपसमारंभात शाल, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पुढे वर्षभरानं मोहाडीच्या बाजारात गेलो होतो, कांदे घ्यायला. मासोळीच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला, "टोल्याच्या तलावाची, टोल्याच्या तलावाची मासोरी, घ्या जी." कौसाबाई भर बाजारात गावाचं आणि तलावाचं नाव घेऊन ओरडत होती. शेजारी एक धिप्पाड माणूस काटा धरून उभा होता. तोंडवळ्यावरून कळलं की हा सदू.

मी पुढे झालो. "कौसाबाई, बडे साहेब विकले की काय?"

"त्याले नाई धरलं," तिनं खांद्यावर थाप मारली. "जाळ्यात आला होता. सदूनं सोडून देल्लं. सवय झाली हाये त्याची." मग म्हणाली, "पानी पाह्याले कधी येता?"

"आता कोणी येणार नाही. यादीतून निघालं की सरकारचं काम संपलं. मी तर रिटायरच झालो."

तिचा चेहरा जरा पडला. आम्ही येऊ नये म्हणून ती एवढी झटली होती, आणि आता येणार नाही म्हटल्यावर तिला ते आवडेना. मलाही आवडलं नव्हतं, पण मला ते तोवर कळलं नव्हतं. "मंग असेच या," ती म्हणाली. "बिनाकामाचे. नोटीस नका धाडू, नाईतं तुळशीराम मांडव टाकते."

पुढच्या रविवारी गेलो. मनोहरच्या स्कूटरवर, कोणाला न सांगता. घाटावर जाळी वाळत घातली होती, सदूची पोरं पाण्यात डुंबत होती. कौसाबाईच्या ओसरीत बसलो. तिनं मासोळीचा रस्सा आणि भात वाढला आणि ताट पुढे सरकवलं. स्टीलचं होतं, एका बाजूनं चेपलेलं, तिच्या घरचं रोजचं.

मी ताटाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"पितळेचं आनू का जी?"

"नको," मी म्हटलं, आणि जेवायला लागलो.